डोहाळे माशांचे, भीती पाऱ्याची

मासे खाणाऱ्या आपल्या घरांत दिवस गेलेल्या मुलीला हल्ली दोन सल्ले एकाच वेळी मिळतात. आई, सासू, मावशी म्हणतात, "खा गं पोटभर, बाळाच्या डोक्याला चांगलं." हातातला मोबाईल म्हणतो, "मासे नकोत, त्यात पारा असतो." बिचारी मुलगी मधल्यामध्ये अडकते आणि बहुतेक वेळा सोपा मार्ग धरते: मासे बंद. नऊ महिन्यांचा तर प्रश्न, असं म्हणून.

हा मार्ग सोपा आहे, पण सुरक्षित आहे असं नाही. म्हणूनच आपल्या मंडळातल्या तरुण जोडप्यांसाठी हा विषय जरा सविस्तर मांडावा असं वाटलं. मी डॉक्टर नाही. बंगळुरात पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त आहे. माहेर मात्र उळवीचं. जोयडा तालुक्यातलं, घाटमाथ्यावरच्या दाट जंगलातलं चन्नबसवण्णांचं हे गाव तुमच्यापैकी काहींनी जत्रेच्या निमित्ताने पाहिलं असेल. माघ पौर्णिमेच्या सुमारास बेळगाव-धारवाडकडून भाविकांच्या बैलगाड्या येतात, तेव्हा आमच्याकडे चूलही शाकाहारी होते. एरवी आमचं घर पक्कं मासेखाऊ.

गेल्या वर्षी आमच्या घरात दोघींना एकाच सुमारास दिवस गेले. एक माझी भाची, भावाची मुलगी. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत काम करते. दुसरी भावाची सून, ती उळवीलाच असते. दोघींची ताटं पाहिली आणि माझ्या लक्षात आलं की प्रश्न "मासे खायचे की नाही" हा नाहीच. प्रश्न "कोणता मासा" हा आहे.

उळवीचं ताट आणि पुण्याचं ताट

उळवी समुद्रापासून दूर. मासे येतात ते कारवारहून, अणशी घाट चढून. पेटी बांधलेल्या दुचाकीवरून मासेवाला येतो आणि त्याच्या पेटीत असतात बांगडे, तारले, कधी पेडवे, कधी सुंगटं. इसवण, म्हणजे तुमची सुरमई, क्वचित. ती महाग, तिला कारवार-गोव्यातच गिऱ्हाईक मिळतं. जून-जुलै असे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा मे महिन्यात भरून ठेवलेले सुके बांगडे आणि सुंगटं बाहेर निघतात, किंवा पहिल्या पावसात ओहोळातून चढणीचे मासे मिळतात. भावाच्या सुनेने नऊ महिने हेच खाल्लं: उकड्या तांदळाचा भात, तेफळ घातलेलं बांगड्याचं हुमण, जंगलातल्या भाज्या, कंदमुळं.

पुण्याच्या भाचीला तिच्या दवाखान्यात एक छापील इंग्रजी पत्रक मिळालं. टाळायच्या माशांमध्ये "किंग मॅकेरल" असं लिहिलं होतं. तिने शोध घेतला. बांगड्याला इंग्रजीत मॅकेरल म्हणतात एवढं कळलं आणि बांगडा बंद झाला. त्याच पत्रकात शार्कचंही नाव होतं, पण शार्क म्हणजे आपली मोरी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग ती मला फोनवर म्हणाली, "आत्या, बांगडा सोडला मी. पण आईने बाळंतपणानंतरसाठी मोरी सांगून ठेवलीय, ती चालेल ना?"

म्हणजे जो मासा निर्धास्त खायचा तो सोडला आणि जो सोडायचा तो येणार होता. यात तिचा काही दोष नाही. परक्या देशातली यादी आपल्या बाजारातल्या नावांशी कुणीतरी जुळवून द्यायला हवी होती, ती कुणी दिली नाही.

पारा माशात येतो कुठून?

जुन्या थर्मामीटरमधला चकचकीत पारा आणि माशातला पारा, दोन्हींचं मूळ एक असलं तरी रूप वेगळं. कोळसा जाळणारी वीजकेंद्रं, सोन्याच्या खाणी, काही कारखाने आणि ज्वालामुखी यांतून पारा हवेत आणि पाण्यात जातो. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू कमी असतो, तिथले जीवाणू त्याचं रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात. हे संयुग फार चिवट. अन्नातून पोटात गेलं की जवळजवळ सगळं रक्तात शोषलं जातं.

पाण्यातलं प्लवक थोडासा मिथिल पारा घेतं. प्लवक खाणारा तारला अनेक दिवसांचं प्लवक खातो, तारले खाणारा मोठा मासा शेकडो तारले खातो, आणि त्या मोठ्या माशाला खाणारी मोरी सगळ्यांचा पारा आपल्या अंगात साठवते. शिवाय मोठे शिकारी मासे वर्षानुवर्षं जगतात, म्हणजे साठवायला वेळही भरपूर. म्हणून नियम सोपा आहे: मासा जितका मोठा, जितका वयस्क आणि जितका शिकारी, तितका पारा जास्त.

आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरासाठी. हा पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. कातडी काढून, चरबी काढून, कोकम लावून, तळून किंवा उकळून तो जात नाही. मासा वाळवला तर पाणी जातं, पारा राहतो.

मिनामाताच्या नाळा

गर्भातल्या बाळाला याचा धोका का, हे जगाला जपानमधल्या मिनामाता या मासेमारांच्या गावाने शिकवलं. तिथला एक रासायनिक कारखाना अनेक वर्षं आपलं सांडपाणी उपसागरात सोडत होता आणि त्यात मिथिल पारा होता. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं. मांजरंसुद्धा झटके येऊन मरत होती. सगळ्यात सुन्न करणारी गोष्ट बाळांची होती. ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांची मुलं मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली.

त्या काळी डॉक्टर समजत की वार बाळाला विषापासून वाचवते. मिथिल पाऱ्याने ही समजूत खोटी ठरवली. तो वार ओलांडून जातो, आणि बाळाच्या नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त आढळतं. मेंदू घडत असतानाच हे होतं म्हणून नुकसान मोठं.

जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत घालून जपायची पद्धत आहे. पुढे शास्त्रज्ञांनी मिनामाताच्या कुटुंबांकडच्या त्या डब्यांमधल्या नाळा तपासल्या, आणि कोणत्या वर्षांत जन्मलेल्या बाळांच्या अंगात किती पारा गेला होता हे त्यातून समजलं. आपल्याकडे नाळ पुरतात, म्हणून "माझी नाळ इथे पुरली आहे" असं आपण अभिमानाने म्हणतो. तिथे ती पुरावा झाली.

याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली.

हे आपल्या दारातही होतं

जपान लांब आहे असं समजू नका. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा वापर होत असे. कारवारला लागून बिणगा आहे. तिथे असा कारखाना होता आणि तिथल्या उपसागरातला गाळ आणि शिंपले तपासून त्यांतल्या पाऱ्याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला. मुंबईजवळ उल्हास नदीच्या खाडीतल्या गाळातही असाच पारा सापडला. पुढे देशभरातल्या कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत सोडून पडद्याची, म्हणजे मेम्ब्रेनची, नवी पद्धत घेतली. बदल चांगला झाला.

यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. शिंपले, तिसऱ्या, काळवं ही एका जागी बसून पाणी गाळत जगतात. त्या जागेचं पाणी जसं, तशी ती. म्हणून कारखान्याच्या किंवा शहराच्या सांडपाण्याजवळून काढलेली शिंपली गरोदरपणात नकोत. स्वच्छ खाडीतली, ओळखीच्या कोळणीकडची, नीट शिजवलेली असतील तर हरकत नाही. कच्ची काळवं आणि कच्च्या माशाची सुशी मात्र या काळात नकोच. तिथे पाऱ्यापेक्षा जंतूंची भीती मोठी.

नावाचा घोळ

आता भाचीच्या "मॅकेरल"कडे येते, कारण या घोळात आपली खूप घरं सापडतात.

इंग्रजीत मॅकेरल हे नाव बऱ्याच माशांना लावतात. आपला बांगडा हा इंडियन मॅकेरल. तो वीतभर लांब, थव्याने राहणारा, प्लवक खाणारा, थोडं आयुष्य असलेला मासा. अमेरिकी याद्यांतला "किंग मॅकेरल" हा अटलांटिक महासागरातला मोठा शिकारी मासा. तो बांगड्याचा नव्हे, आपल्या सुरमईचा जवळचा नातलग. परदेशातल्या भारतीय दुकानांत सुरमई "किंगफिश" या नावाने गोठवलेली मिळते, कधी पाकिटावर "किंग मॅकेरल" असंही लिहिलेलं असतं. तेव्हा दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीतल्या आपल्या मुलींनी लक्षात ठेवावं: यादीतलं ते नाव वाचून बांगडा टाकू नका, सुरमई बेताने खा.

तसंच शार्क म्हणजे मोरी किंवा मुशी. टुना म्हणजे कुपा, काही ठिकाणी गेदर. सार्डिन म्हणजे तारली, पेडवे यांच्या जातीतले. प्रॉन किंवा श्रिंप म्हणजे कोळंबी, आमची सुंगटं.

थोडा हिशोब

शाळेतली सवय जात नाही, म्हणून आकडे देते. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने मिथिल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ६० किलो वजनाच्या बाईसाठी हे आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा आणखी कडक आहे: दिवसाला दर किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे त्याच बाईसाठी आठवड्याला ४२.

आता मासे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोजलेल्या सरासरीनुसार एक ग्रॅम शार्कमध्ये सुमारे ०.९८ मायक्रोग्रॅम पारा असतो, किंग मॅकेरलमध्ये ०.७३, अटलांटिकच्या साध्या मॅकेरलमध्ये ०.०५, सार्डिनमध्ये ०.०१३, कोळंबीत त्याहूनही कमी. म्हणजे शार्कची १०० ग्रॅमची एकच वाढणी खाल्ली की साधारण ९८ मायक्रोग्रॅम, आठवड्याची मोठी मर्यादाही तिथेच संपली. तेवढाच पारा सार्डिनमधून यायचा तर साडेसात किलो सार्डिन खाव्या लागतील. आपला बांगडा त्या अमेरिकी तक्त्यात नाही, पण समुद्रातल्या खाणं-खिलवण्याच्या साखळीत तो तारलीच्या शेजारच्याच पायरीवर बसतो.

शरीरातला मिथिल पारा निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात. म्हणून बाळाचा विचार सुरू केला की तेव्हापासूनच मोठे शिकारी मासे बाजूला ठेवावेत, म्हणजे दिवस जाईपर्यंत शरीर बरंच मोकळं होतं. आणि आधी चार-दोनदा मोरी खाल्ली असेल तर घाबरून जाऊ नये. पुढचं ताट सुधारलं की शरीर हळूहळू आपलं काम करतं. मनात शंका राहिलीच तर डॉक्टरांना विचारावं.

बाळंतिणीची मोरी

हा विषय नाजूक आहे, कारण इथे आज्या-आयांची माया गुंतली आहे. कोकण, गोवा, कारवार, सगळीकडे बाळंतिणीला मोरीचं तिखट देतात; त्याने दूध वाढतं असं मानतात. हा समज इतका जुना आणि पसरलेला आहे की एका लहान जातीच्या मोरीचं इंग्रजी नावच "मिल्क शार्क" पडलं.

मिथिल पारा आईच्या दुधातही थोडा उतरतो. शार्क टाळा असं जे गरोदर बायांना सांगतात, तेच अंगावर पाजणाऱ्या आयांनाही सांगतात. मोठ्या मोरीत पारा जास्त, पिल्लात कमी, हे खरं. पण बाजारातल्या तुकड्यावरून मोरी केवढी होती हे कुणाला कळणार?

मी वहिनीला थेट "मोरी नको" म्हटलं असतं तर ती दुखावली असती. तिला विचारलं, "वहिनी, मोरी कशासाठी देतो आपण?" ती म्हणाली, "अंगात ताकद यावी, दूध यावं." मग म्हटलं, "ते पेडव्यांनी, बांगड्यांनी, सुंगटांनी येणार नाही का?" थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मसाला तोच घालीन मी. मासा बदलते." प्रश्न मिटला. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना माझ्या अनुभवात हाच मार्ग चालतो: रीत ठेवायची, मासा बदलायचा.

मग मासे बंदच का करू नयेत?

कारण त्याचीही किंमत मोजावी लागते. बाळाचा मेंदू आणि डोळे घडायला डीएचए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल लागतं, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. तारली, बांगडा यांत ते भरपूर. शिवाय चांगली प्रथिनं, आयोडीन, ड जीवनसत्त्व आणि बी-१२. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकापासून अभ्यास केला. त्यात बहुतांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. ताटात मासा असणाऱ्या मुलीने तो उगाच सोडणं म्हणजे ही उणीव ओढवून घेणं.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मातांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणात आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्यांच्या मुलांमध्ये भाषिक बुद्ध्यंक कमी असण्याचं प्रमाण जास्त दिसलं. फेरो बेटांवर मात्र माता देवमाशाचं मांस खात. तिथे पारा जास्त गेलेल्या मुलांची सातव्या वर्षी स्मरणशक्ती, लक्ष आणि भाषा यांत घट दिसली. सेशेल्स बेटांवरच्या माता आठवड्यातून सुमारे बारा वेळा समुद्रातले साधे मासे खात, तिथे असं ठळक नुकसान दिसलं नाही. तिन्ही एकत्र वाचले की अर्थ लागतो: मासे खा, निवडून खा.

फ्रिजवर लावायची यादी

आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण २२५ ते ३४० ग्रॅम: तारली, पेडवे, बांगडा, मांदेली, बोंबील, मुडदुशी, लेप, कोळंबी, माकूल, खेकडे, तळ्यातले रोहू-कटला.

आठवड्यातून फार तर एकदा, लहान तुकडी, आणि त्या आठवड्यात दुसरा मोठा मासा नाही: सुरमई, घोळ, तांबोशी, मोठा गोब्रा, कुपा. डब्यातला टुना घ्यायचाच तर "लाइट" लिहिलेला घ्यावा, "अल्बाकोर" किंवा "व्हाइट"मध्ये पारा जवळजवळ तिप्पट असतो.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नाही: मोरी किंवा मुशी, तलवार मासा, मार्लिन, मोठ्या डोळ्यांचा टुना.

सुक्या माशांबद्दल एक सूचना. सुका बांगडा पाऱ्याच्या दृष्टीने बरा, पण मिठाने भरलेला. रक्तदाब वाढलेला असेल, पायांवर सूज असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच. एरवी खायचा तर भिजवून, पाणी फेकून, तोंडी लावण्यापुरता.

आणि ज्या घरांत मासा शिजत नाही, त्यांनी काय करावं? उळवीत आमच्या शेजारी अशी बरीच घरं आहेत आणि त्यांची मुलं काही कमी हुशार नाहीत. जवस, अक्रोड यांतून ओमेगा-३चा एक प्रकार मिळतो. शरीर त्यातला थोडाच भाग डीएचएमध्ये बदलतं. म्हणून डॉक्टरांना विचारून शेवाळापासून बनवलेलं डीएचए आणि बी-१२च्या गोळ्या घेता येतात. माशालाही डीएचए शेवटी त्या शेवाळातूनच मिळतं.

भाचीला मी ही यादी मराठीत लिहून पाठवली, कारण इंग्रजी पत्रकाने तिला घाबरवलं होतं आणि बाजारात कोळीण काही "लो मर्क्युरी" म्हणून मासा विकत नाही. तुमच्या घरात, नात्यात कुणाला दिवस गेले असतील तर हा भाग तिला पाठवा. मात्र प्रत्येकीची प्रकृती वेगळी. कुणाला माशांची ॲलर्जी, कुणाला थायरॉइड, कुणाला रक्तदाब. म्हणून यादी घेऊन एकदा आपल्या डॉक्टरांसमोर बसा आणि माशांची नावं मराठीत सांगा. त्यांना बांगडा आणि मोरी यांतला फरक कळला की सल्लाही नेमका मिळेल.